त्रिशंकूचे पाय

पहिला दिवस

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा बाहेर आषाढातला पाऊस नुसता कोसळत होता. खिडकीच्या काचेवरून ओघळ मागे पळत होते आणि माझ्या पायाशी, पाठीवरच्या पिशवीत, दोन टॉवेलांत गुंडाळलेली ८० मिलिमीटरची आमची छोटी दुर्बीण होती. ती सामानात द्यायला माझा जीव झाला नाही. सोबत दादा आणि वहिनी. अदिस अबाबाला विमान बदलून दुपारी केपटाऊनला उतरायचं, आणि तिथून दोन दिवसांनी आत कारूच्या पठारावर, सदरलँड नावाच्या गावी जायचं. कारण एकच. एक तारा नीट बघायचा होता.

हा तारा आम्हां भावंडांना आबांनी दाखवला. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. मे महिन्यात रात्रीची जेवणं उरकली की आबा आम्हाला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर न्यायचे. साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला, जिथे किनारा धूसर होत समुद्रात मिसळल्यासारखा वाटतो तिथे, चार तारे उभे असायचे. पतंगाच्या आकाराचे, जेमतेम पाण्याच्या वर. आबा म्हणायचे, "त्रिशंकू बघ, पाय पाण्यात बुडवन उभो आसा."

त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात तेजस्वी तारा म्हणजे त्याचा पाय. जगभर त्याला ॲक्रक्स म्हणतात. वेंगुर्ल्याहून तो क्षितिजाच्या वर फार तर ११ अंश चढतो. हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम मुठीएवढा. पुण्याहून आठच अंश, नागपूरहून सहाही नाहीत. आबा शाळामास्तर होते, वाचून सांगायचे: "हो पायाचो तारो एक नाय, दोन आसत. पण आपल्याकडसून दिसाचे नाय."

ते खरंच होतं. दुर्बीण घेतल्यावर मी तीन उन्हाळे प्रयत्न केला. इतक्या खाली असलेल्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा पाचपट जाड हवेतून येतो. त्यात मे महिन्यातली समुद्रावरची वाफ. दुर्बिणीत तारा उकळत्या आधणासारखा खदखदायचा. कधी हिरवा, कधी तांबडा, कधी नुसता धुरकट ठिपका. दोन काही दिसले नाहीत.

आबा आता ८४ वर्षांचे आहेत. प्रवास त्यांना झेपणार नाही. निघताना त्यांनी मला एक कोरी वही दिली. "दिसला तसा काढून आण," एवढंच म्हणाले.

केपटाऊनला उतरलो तर तिथेही पाऊस. तिथला हिवाळा हाच पावसाळा असतो, हे ठाऊक होतं, तरी मन खट्टू झालंच. टेबल माउंटन ढगात होता. वहिनीने खोलीत शिरताच स्वेटरवर स्वेटर चढवला आणि म्हणाली, "मी वेंगुर्ल्याची माणूस आहे, हे लक्षात ठेवा."

दुसरा दिवस

आज केपटाऊनमधली एकच जागा मनात होती: कंपनीज गार्डन. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये जहाजांना ताजी भाजी पुरवायला लावलेली ही बाग. आज शहराच्या मधोमध आहे, पार्लमेंटला लागून. खारी माणसाला भीत नाहीत, बुटावर येऊन बसतात.

१६८५ साली, मे महिना संपता संपता, फ्रान्सच्या चौदाव्या लुईची जहाजं सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, जाताना इथे थांबली. त्यांवर सहा जेझुइट पाद्री होते. गणित आणि खगोल जाणणारे. केपचं रेखांश नीट ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या काळी समुद्रावर अक्षांश काढणं सोपं, रेखांश काढणं महाकठीण. युक्ती अशी, की गुरूचा एखादा चंद्र गुरूच्या सावलीत नेमका कधी शिरतो किंवा बाहेर येतो ती वेळ इथे मोजायची आणि पॅरिसच्या वेळेशी ताडून बघायची. दोन्ही वेळांतला फरक म्हणजेच रेखांशांतला फरक. डच कंपनीचा इथला कमांडर सायमन व्हान डर स्टेल याने त्यांना याच बागेतलं एक घर वेधांसाठी दिलं. पाद्री आठवडाभर इथे होते.

गुरू बघून झाल्यावर त्यांनी दुर्बीण क्रॉसकडे, म्हणजे आपल्या त्रिशंकूकडे, वळवली असणार. वळवणारच, दुर्बीण हातात असलेला कुठला माणूस नुसता कामाचा तेवढा ग्रह बघून थांबेल? त्यांना पायाचा तारा दुहेरी दिसला. त्यांच्यातल्या गी ताशारने प्रवासाचं वर्णन छापलं. दक्षिणेच्या आकाशातला दुर्बिणीने ओळखलेला हा पहिला जोडतारा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. चारच वर्षांनी, १६८९ च्या डिसेंबरात, दुसऱ्या एका जेझुइटाला, झाँ रिशोला, पुदुच्चेरीत एक धूमकेतू बघता बघता मित्र हा तारा दुहेरी असल्याचं दिसलं. मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी, त्रिशंकूच्या शेजारी उभे असलेले जे दोन ठळक तारे, मित्र आणि मित्रक, त्यातला. म्हणजे दक्षिण आकाशातले हे पहिले दोन जोडतारे ओळखले गेले ते एक या बागेत, आणि दुसरा आपल्याकडे, कोरोमंडलच्या किनाऱ्यावर. शाळेत मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्या वयातच दुर्बिणीसाठी हट्ट धरला असता.

बागेत नासपतीचं एक म्हातारं झाड आहे. लोखंडी टेकूंवर आडवं पसरलेलं, खोड पिळवटलेलं. डचांच्या अगदी पहिल्या काळातलं म्हणून ते दाखवतात. खरं असेल तर पाद्री आले तेव्हा ते तिशीतलं, भर बहरातलं झाड असेल. मी त्याच्या सालीला हात लावून बघितला. ओली होती, आणि मधल्या भेगेत शेवाळ होतं.

तेवढ्यात धडाड करून आवाज झाला आणि वहिनीने माझा दंड घट्ट धरला. बारा वाजले होते. सिग्नल हिलवर रविवार सोडून रोज दुपारी बाराला तोफ डागतात. पूर्वी बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावून घेता यावीत म्हणून ही सोय होती, आणि तोफेला इशारा आजही वेधशाळेच्या घड्याळाकडून मिळतो. जहाजांना वेळ कळावी आणि रेखांश काढता यावं, म्हणूनच तर इंग्रजांनी १८२० मध्ये इथे वेधशाळा काढली. मित्राचं अंतर काढायला लागणारे वेधही तिथूनच, १८३२-३३ मध्ये, टॉमस हेंडरसनने घेतले. पाद्र्यांचा वेळ मोजण्याचा उद्योग आणि ही तोफ, दोन्ही एकाच गरजेतून आलेले आहेत, हे त्या आवाजाने माझ्या पक्कं लक्षात आलं.

रात्री ढग होतेच. ढगाला एक खिंडार पडलं तेव्हा खिडकीतून मित्र दिसला, आणि गेला.

तिसरा दिवस

सकाळी भाड्याची गाडी घेतली. इथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालवतात, त्यामुळे दादा निर्धास्त. जुन्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता.

एन वन महामार्ग पार्लच्या पुढे डोंगराच्या पोटात शिरतो. ह्युगनॉट बोगदा, जवळजवळ चार किलोमीटर लांब. आत शिरलो तेव्हा पाऊस होता; बाहेर आलो तर वर निळ्या आभाळाचे तुकडे. मग वूस्टर, मग हेक्स नदीचं खोरं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, हिवाळा म्हणून सगळे वेल काड्यांसारखे उघडे, आणि मागच्या कड्यांच्या माथ्यावर बर्फाची पांढरी रेघ. नाशिककडची माणसं इथे आली तर गाडीतून उतरून वेलींची छाटणी बघत बसतील.

खोरं संपलं की घाट, आणि घाट संपला की झाडंच संपतात. कारू सुरू होतो. खुरटी, राखाडी झुडपं, मैलोन्‌मैल कुंपणाच्या तारा, मधूनच वाऱ्यावर फिरणारी एखादी पवनचक्की आणि खाली पाण्याची टाकी. मेंढ्या दिसतात त्याही धुळीच्याच रंगाच्या. खेडेगावातल्या स्टेशनासारखं मात्येसफाँतेन हे छोटं गाव लागलं, तिथे चहा घेतला आणि महामार्ग सोडून उत्तरेला वळलो. तिथून सदरलँड ११० किलोमीटर. त्या रस्त्यावर समोरून आलेल्या गाड्या मी मोजल्या: नऊ.

केपटाऊनपासून एकूण ३७० किलोमीटर. एवढ्या लांब वेधशाळा का नेली, हे रस्त्यानेच समजत जातं. समुद्राकडून येणारा पाऊस वाटेतल्या डोंगरांवर सांडून जातो. वर पठारावर हवा कोरडी आणि विरळ, आणि दिवे नाहीत. केपटाऊनमधल्या जुन्या वेधशाळेभोवती शहर वाढलं, आकाश उजळलं, तेव्हा १९७० च्या दशकात मोठ्या दुर्बिणी इथे आल्या.

सदरलँड म्हणजे एक रुंद रस्ता, दगडी चर्च, पत्र्याच्या छपरांची बुटकी घरं. आम्ही उतरलो ते घर एका आजीबाईंचं. त्यांनी दारातच विचारलं, "ताऱ्यांसाठी?" आणि उत्तराची वाट न बघता गरम पाण्याच्या तीन रबरी पिशव्या हातात दिल्या.

वहिनीने मुंबईहून कुळथाचं पीठ आणलं होतं. कोकम, लसूण, मिरची सगळं पुडीत बांधून. परक्या स्वयंपाकघरातल्या जाड बुडाच्या भांड्यात तिने पिठी केली. फोडणीचा वास घरभर गेला तशा आजीबाई चौकशीला आल्या. त्यांना वाटीत दिली. त्यांनी ती सूप म्हणून सावकाश, चमच्या-चमच्याने संपवली आणि आणखी मागितली. बाहेर उणे दोन तापमानात वेंगुर्ल्याची पिठी इतकी गोड लागली, की तिच्यासाठी एवढी थंडी दरवर्षी सोसावी.

रात्री मात्र पश्चिमेकडून पातळ ढगांची चादर आली. अकरापर्यंत अंगणात थांबलो. दोन-चार तारे दिसले, त्रिशंकू नाही. दादा म्हणाला, "उद्या अमावास्या आहे. उद्याच दिसायचा असेल त्याला."

चौथा दिवस

सकाळी आभाळ असं निळं, की त्याच्याकडे बघून डोळे दुखावेत. गाडीच्या काचेवर बर्फाचा थर. दादाने तो जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढला.

वेधशाळा गावापासून पंधराएक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या माळावर आहे. दिवसा माहिती देणारे सोबत घेऊन हिंडवतात. सगळ्यांचं लक्ष असतं ते सॉल्ट या दुर्बिणीकडे. सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोप, २००५ पासून चालू. आरसा एकसंध नाही; मीटर-मीटरभराचे षटकोनी ९१ आरसे मधमाशीच्या पोळ्यासारखे जोडून ११ मीटर बाय ९.८ मीटरचा एक आरसा केला आहे. आणखी गंमत म्हणजे हा आरसा वरखाली हलत नाही. कायम एकाच कोनात कललेला असतो, नुसता गोल फिरतो. ताऱ्याच्या मागे सरकतो तो वर टांगलेला उपकरणांचा भाग. त्यामुळे एवढी मोठी दुर्बीण पुष्कळ कमी खर्चात झाली. भागीदार संस्थांच्या यादीत आमच्या पुण्याच्या आयुका या खगोल-संशोधन संस्थेचं नाव वाचलं आणि दादाने त्या फलकापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. मीही घेतला.

माहिती देणारा तरुण सोथो आणि त्स्वाना लोकांकडे या ताऱ्यांना काय म्हणतात ते सांगत होता. त्रिशंकूचे तारे आणि मित्र-मित्रक मिळून त्यांच्याकडे जिराफ आहेत: दिथुत्ल्वा. झाडांच्या शेंड्यांवरून माना काढून चालणारे जिराफ. आणि याच कारूत पूर्वी राहणाऱ्या ज्या सान लोकांची भाषा आता नाहीशी झाली आहे, त्यांच्या कथेत मित्र आणि मित्रक हे दोन सिंह, आणि क्रॉसमधले तीन ठळक तारे सिंहिणी. मी त्याला त्रिशंकूची गोष्ट सांगितली. सदेह स्वर्गात जायला निघालेला राजा, विश्वामित्राने तपोबलाने त्याला वर पाठवला, इंद्राने ढकलून दिला, तो डोकं खाली-पाय वर असा कोसळू लागला, आणि विश्वामित्र खालून ओरडला, "थांब, थांब!" मग रागाने त्याने दक्षिणेत नवं आकाशच रचायला घेतलं, नवे सप्तर्षी, नवी नक्षत्रं. त्या तरुणाने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्याकडून तो उलटा दिसतो का?"

मी थबकले. नाही दिसत. आपल्याकडे त्रिशंकू दिसतो तो नेहमी पायावर उभा. उगवताना डावीकडे कललेला, मावळताना उजवीकडे, पण पाय खालीच. ज्याची सगळी गोष्टच उलटं लटकण्याची आहे, तो आपल्याला उलटा कधीच दिसत नाही, कारण त्या फेरीच्या वेळी तो आपल्या क्षितिजाखाली असतो. इतकी वर्षं बघते आहे, माझ्या हे कधी मनातच आलं नव्हतं.

तो म्हणाला, "इथे पहाटे पाच वाजता बघा."

संध्याकाळी आजीबाईंच्या घरी वहिनीने खिडकीचे जाड पडदे ओढून घेतले आणि पाटावर दोन निरांजनं लावली. आज दीप अमावास्या. घरी असती तर सगळे दिवे घासूनपुसून पूजेला मांडले असते. या गावात रात्री उजेड बाहेर जाऊ नये म्हणून लोक जपतात. वर माळावर तर गाडीचे मोठे दिवेही चालत नाहीत. पडद्याआड दोन ज्योती आणि बाहेर ठार अंधार, अशी ती अमावास्या मी विसरणार नाही.

सव्वासातला अंगणातून मागच्या शेताकडे गेलो. डोळे सरावायला वेळ दिला. आणि मग वर बघितलं.

त्रिशंकू क्षितिजावर नव्हताच. तो होता चौपन्न-पंचावन्न अंश वर, पश्चिमेकडे जरासा कललेला. मान मागे टाकून बघावा लागत होता. आयुष्यभर मी ज्याला किनाऱ्यावर शोधलं, तो इथे माथ्याकडे आकाशगंगेच्या ऐन धारेत उभा होता. त्याच्या पायाशी, डावीकडे, आकाशगंगेला पडलेलं भोकच जणू, असा काळा डाग. कोलसॅक, कोळशाची गोण. ते भोक नाही, पलीकडचा प्रकाश अडवणारा धुळीचा ढग आहे. वेंगुर्ल्याहून तो मला एकदाही दिसला नव्हता. पूर्वेकडे ज्येष्ठा आणि सगळा विंचू माथ्याकडे चढत होता. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांदणं जमिनीवर पडलंय गं." खरंच, पांढऱ्या दगडांची कड दिसत होती.

दुर्बीण तिकाटण्यावर लावली. बोटं बधिर झाली होती, स्क्रू फिरेना. दादाने आपले हातमोजे काढून मला दिले. आधी कमी शक्तीचं भिंग. पायाचा तारा, आणि त्याच्यापासून सुटा, फिकट असा एक सोबती. हा तिसरा, तेजाने पाचव्या प्रतीच्या आसपासचा, साध्या डोळ्यांना मूळ ताऱ्याच्या झळाळीत हरवतो. मग शंभरपट मोठं करणारं भिंग घातलं. श्वास दूर वळवून घेतला, कारण भिंगावर वाफ धरून ती लगेच गोठत होती. फोकस हळूहळू फिरवला.

दोन.

मधे काळोखाची एक बारीक फट, आणि तिच्या दोन बाजूंना दोन टिपके. निळसर पांढरे. वेल्डिंगची ठिणगी लांबून दिसते ना, तसा तो रंग, पण स्थिर. एक किंचित जास्त तेजस्वी. दोघांभोवती एकेक पातळ कडं, जे दुर्बिणीचंच असतं. थरथर नाही, खदखद नाही. मी मोठ्याने ओरडले असेन, कारण शेजारच्या गोठ्यातलं कुत्रं भुंकायला लागलं.

त्या दोघांमधलं अंतर चार विकला; एका अंशाचा छत्तीसशेवा भाग म्हणजे एक विकला. अडीच सेंटीमीटरचं नाणं सव्वा किलोमीटरवर धरलं तर ते जेवढं रुंद दिसेल तेवढं. खरं अंतर मात्र पृथ्वी-सूर्य अंतराच्या चारशेपट तरी आहे. एकमेकांभोवती फिरायला त्यांना हजार वर्षांहून जास्त काळ लागतो, त्यामुळे १६८५ पासून आजवर त्यांनी एक फेरीही पुरी केलेली नाही. दोघांचे पृष्ठभाग सूर्याच्या चौपटीहून जास्त तापलेले, म्हणून रंग निळसर. त्यातला जो तेजस्वी, तो स्वतःच पुन्हा जोडी आहे: दोन तारे ७६ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. ते कुठल्याच डोळ्याला वेगळे दिसायचे नाहीत, वर्णपटावरून कळतात. म्हणजे आबांच्या एका पायाच्या ताऱ्यात, सोबती धरून, निदान चार सूर्य.

अंतर सुमारे ३२० प्रकाशवर्षं. ठोकळमानाने हिशेब केला तर माझ्या डोळ्यात शिरलेला प्रकाश तिकडून निघाला तेव्हा ताशारचे पाद्री इथून आपला वेध घेऊन निघून गेलेले होते.

दादाने बघितलं, वहिनीने बघितलं. वहिनी म्हणाली, "निरांजनं." तिने आज लावलेली दोन. मी वहीत गोल काढला, त्यात दोन ठिपके, दिशा, वेळ. पेनाची शाई गोठली म्हणून पेन्सिलीने.

पाचवा दिवस

पहाटे साडेचारचा गजर. वहिनी उठली नाही, आणि उठवलीही नाही. गाडीतल्या काट्यावर उणे पाच. दादा आणि मी पुन्हा त्याच शेतात.

आकाश पार बदललं होतं. रात्रीचा विंचू मावळत आला होता. दक्षिणेला उंचावर अग्रनद हा तारा लखलखत होता, आग्नेयेला अगस्त्य चढत होता, आणि दोघांजवळ ढगांचे दोन तुकडे अडकल्यासारखे दोन मॅगेलन मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. आणि खाली, अगदी खाली, माळाच्या काळ्या रेषेवर त्रिशंकू.

उलटा.

पायाचा तारा वर, क्षितिजापासून साडेपाच अंशांवर. मधले दोन हात त्याच्या खाली. आणि डोक्याचा तांबूस तारा मला सापडेना. तो माळाच्या आड, जमिनीत गेला होता. सदरलँडच्या अक्षांशावर तो नेमका इथेच क्षितिजाला टेकतो. पायाचा तारा मात्र या गावात कधीच मावळत नाही. इंद्राने ढकललेला राजा डोक्यावर येऊन थांबला होता.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्या संपातचलनामुळे हे तारे दरवर्षी थोडेथोडे दक्षिणेकडे सरकतात. दोन हजार वर्षांपूर्वी त्रिशंकू आजच्यापेक्षा सुमारे ११ अंश उत्तरेला होता. काशीहून तो आज क्षितिजाला जेमतेम शिवतो, तेव्हा चांगला वर दिसत असणार. गोष्ट रचणाऱ्यांनी तो चांगला पाहिलेला असणार, यात मला शंका नाही. पण असा उलटा त्यांनीही पाहिला नसेल. तेवढ्यासाठी इतकं दक्षिणेला यावं लागतं.

दुर्बीण लावली. आणि मला वेंगुर्ल्याचा तारा परत भेटला. तेच आधण, तीच खदखद, हिरवा-तांबडा-निळा एकच धुरकट गोळा. रात्री ज्या दुर्बिणीत दोन स्वच्छ ठिपके होते, तिच्यातच नऊ तासांनी एकही धड दिसेना. तारा तोच, भिंग तेच. मधे फक्त हवा वाढली होती. मी वहीत रात्रीच्या चित्राशेजारी हेही काढलं. पेन्सिलीने नुसता विस्कटलेला ठिपका.

दादाने फोन खिशातून, अंगाच्या उबेतून काढला, नाहीतर बॅटरी लगेच मान टाकते. इथे पाच म्हणजे तिकडे साडेआठ. आबांनी पहिल्या रिंगलाच उचलला. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज इतका, की ते ओरडून बोलत होते.

"दोन दिसले, आबा. लख्ख दोन. आणि तिसरो बाजूक."

"रंग?"

"निळो. निळसर पांढरो."

थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला.

"आता खंय आसा तो?"

"समोर. उलटो."

"उलटो? पाय खंय आसत?"

"वयर आसत, आबा."

"आणि डोक्या?"

"जमिनीत गेला."

आबा काहीतरी म्हणाले, ते पावसात नीट ऐकू आलं नाही. मग त्यांचा आवाज पुन्हा आला. वहीत तेही काढ, म्हणत होते, आणि वेळ लिही.

मी लिहिली. पाच वाजून अकरा मिनिटं. पूर्वेला उजेड यायला अजून तास होता. तोपर्यंत तो पाय हळूहळू डावीकडे सरकत पुन्हा वर चढायला लागला होता.